इशारा मिळाला, पण गाडी काढायची की नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाने जोर धरला की आपल्या वृत्तपत्रात आणि आम्हा सर्वांच्या मोबाइलवर एक ठरावीक मजकूर येऊ लागतो. खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात अमुक हजार क्युसेकने विसर्ग सुरू करण्यात आला आहे, पावसाच्या प्रमाणानुसार तो कमी-जास्त होऊ शकतो, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व योग्य ती दक्षता घ्यावी, असे त्यात म्हटलेले असते. मी नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे, आणि हा मजकूर संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे पाठवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आलेले आहे. तो पाठवला की पाच मिनिटांत प्रश्न येऊ लागतात. पार्किंगमधल्या गाड्या आत्ताच रस्त्यावर काढायच्या का? लिफ्ट बंद करायची का? तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना रात्री वरच्या मजल्यावर न्यायचे का? पंपाच्या खोलीचा वीजपुरवठा तोडायचा का, आणि तोडला तर सकाळी पाणी कसे चढवायचे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मजकुरात नसते.

हा मजकूर खोटा नसतो आणि बहुतेक वेळा तो उशिराही आलेला नसतो, हे मी मुद्दाम नमूद करते. ज्याने तो पाठवला त्याने आपले काम केले अशी नोंद त्यामुळे होऊ शकते. परंतु ज्याला तो मिळाला त्याने नेमके काय करावे, हे त्यातून कळत नसेल, तर इशारा पोहोचला असे म्हणता येईल का, एवढाच प्रश्न मला आपल्यामार्फत जलसंपदा विभाग, महापालिका, जिल्हा प्रशासन आणि, आपली परवानगी गृहीत धरून, वृत्तपत्रांसमोरही ठेवायचा आहे.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजेच सुमारे २८ लिटर. त्या हिशेबाने ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी. आकडा ऐकून छाती दडपते हे खरे, पण तो ऐकून आमच्या फाटकापर्यंत पाणी येईल की नाही हे मला सांगता येत नाही, आणि अभियंता नसलेल्या कोणालाही ते सांगता येणार नाही. याउलट ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढे चार शब्द कोणत्याही पुणेकराला लगेच समजतात, कारण तो पूल त्याने पाहिलेला असतो, त्याची उंची त्याच्या डोळ्यांत असते आणि त्यानंतर नदीपात्रातला रस्ता बंद होतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. लोकांनी आपल्यापुरती पूरमापनाची एक पट्टी अशी स्वतःच तयार केली आहे. प्रशासनाने ती फक्त वर आणि खाली वाढवायची आहे. किती विसर्गाला नदीपात्रातला रस्ता बंद होतो, किती विसर्गाला सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या कोणत्या गल्लीत पाणी येते, किती विसर्गाला पुलाची वाडी, ताडीवाला रस्ता किंवा पाटील इस्टेट येथील कोणत्या ओळीतली घरे रिकामी करावी लागतात, हे गेल्या अनेक पुरांच्या नोंदींवरून यंत्रणेला माहीत असणारच. ते जर विसर्गाच्या आकड्याच्या शेजारी लिहिले गेले, तर आकड्याला अर्थ येईल. नदीकाठच्या विजेच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या भिंतींवर पातळीच्या रंगीत खुणा रंगवणे हे तर याहूनही सोपे काम आहे.

या संदर्भात २५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकर विसरलेले नाहीत. रात्रीतून विसर्ग वाढत जाऊन ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि एकता नगरी परिसरातील तळमजले पाण्याखाली गेले. आम्हाला वेळेवर कळवले गेले नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती, तर सूचना देण्यात आली होती, असे दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे मला वाटते. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाला आकडा कळवला गेला असेल, आणि तरीही पहाटे झोपेत असलेल्या माणसापर्यंत ‘आता उठा आणि वर जा’ हे पोहोचले नसेल. जबाबदारी कोणाची, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही आणि या पत्राचा तो हेतूही नाही. त्याच रात्री डेक्कनजवळच्या पुलाची वाडी येथे आपली हातगाडी पाण्यातून हलवण्याच्या प्रयत्नात असलेल्या तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. नदीकाठी राहणारा कष्टकरी माणूस पाणी वाढताना पाहून आधी आपली गाडी, आपला गॅस, आपली शेगडी वाचवायला धावणार, हे ओळखूनच इशारा लिहायला हवा. ‘पाणी दाराशी येण्याआधी मुख्य स्विच बंद करा, पाणी साचल्यावर कोणत्याही लोखंडी वस्तूला हात लावू नका’ हे वाक्य त्या रात्री प्रत्येकाच्या मोबाइलवर आणि प्रत्येक भोंग्यावर असायला हवे होते.

आणखी एक गोष्ट शहराला पावसाळ्याआधीच समजावून सांगण्यासारखी आहे. खडकवासला साखळीतील चार धरणांची मिळून साठवणक्षमता २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) आसपास असली, तरी शहराच्या सर्वांत जवळच्या खडकवासला धरणाचा वाटा त्यात दोन टीएमसीहूनही कमी आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर भरत आली आणि वर पावसाचा जोर कायम राहिला, की खालच्या या लहान धरणात पाणी थोपवून ठेवायला जागाच उरत नाही आणि विसर्ग काही तासांत कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. हे एकदा समजले की ‘सायंकाळी तर थोडेच पाणी सोडले होते’ या भरवशावर कोणी झोपणार नाही. ही माहिती गुप्त नाही, पण ती सामान्य माणसाच्या कानावर मे महिन्यात पडत नाही. पडते ती जुलैत, पाणी दारात असताना, जेव्हा ती समजून घ्यायला कोणाला सवड नसते. ज्या शहराने १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटल्याचा आघात सोसला, त्या शहरात धरणसाखळीचे हे साधे गणित शाळकरी मुलांनाही पाठ असायला हवे होते.

हवामानाच्या इशाऱ्यांचे दुखणे थोडे वेगळे आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरची वेधशाळा तर आमच्या बोलण्यातलीच झाली आहे, तरीही पिवळा, नारंगी आणि लाल या रंगांचा अर्थ किती पुणेकरांना सांगता येईल, याबद्दल मला शंका आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा, असा तो क्रम आहे. मुसळधार, अति मुसळधार आणि अत्यंत मुसळधार या शब्दांनाही ठरलेली मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. बातमीत मात्र हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

याहून मोठा घोटाळा मथळ्यात होतो. लाल इशारा बहुधा ताम्हिणी, लोणावळा या बाजूच्या घाटमाथ्यासाठी असतो, पण मथळा ‘पुण्याला रेड अलर्ट’ असा येतो. कोथरूडमधला वाचक छत्री घेऊन बाहेर पडतो, दिवसभर भुरभुर पाऊस पाहतो आणि वेधशाळेची थट्टा करत घरी येतो. असे दोन-तीनदा झाले की पुढचा इशारा तो वाचतही नाही. वास्तविक घाटमाथ्यावरचा लाल इशारा शहरासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण तो पाऊस धरणांच्या पाणलोट क्षेत्रात पडतो. शहरात ऊन असले तरी दुसऱ्या दिवशी नदी फुगू शकते, हे एक वाक्य त्या बातमीला जोडले तर ती बातमी नदीकाठच्या माणसाच्या कामाची होईल आणि थट्टेचे कारणही उरणार नाही.

अर्थात सगळे संकट धरणातून येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या पाण्याने आंबील ओढ्याकाठच्या टांगेवाला कॉलनी आणि अरण्येश्वर परिसराची जी दैना केली, त्यात विसर्गाचा आकडा नव्हता आणि विचार करायला वेळही नव्हता. त्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी वृत्तपत्र निरुपयोगी असते, संकेतस्थळ निरुपयोगी असते आणि ‘सायलेंट’वर ठेवलेला मोबाइलही निरुपयोगी असतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी किती वाढले हे मोजणारे यंत्र, त्याला जोडलेला भोंगा, आणि तो वाजला की कोणत्या गल्लीने वर चढायचे हे आधी दोनदा तरी करून पाहिलेला सराव, हाच तेथला उपाय. अलीकडे मोबाइलवर मोठ्या आवाजासह झळकणाऱ्या आपत्कालीन संदेशांची चाचणी देशभर झाली आहे. ते तंत्र चांगले आहे, कारण त्यासाठी कोणाचा नंबर यादीत असावा लागत नाही आणि एका ठरावीक भागातल्या सर्वांना तो संदेश मिळतो. मात्र तो मराठीबरोबर हिंदीतही असावा, कारण नदीकाठच्या बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात, आणि त्यात जागेचे नाव व करायची कृती पहिल्या ओळीत असावी. ‘आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निर्देशानुसार’ या शब्दांनी सुरू होणारा संदेश अर्धवट झोपेतला माणूस शेवटपर्यंत वाचत नाही.

जोखीम आकड्यांत सांगताना होणारी दिशाभूल याहून सूक्ष्म असते, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्या पूररेषा आहेत. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते. ते ऐकून सर्वसामान्य माणूस असा अर्थ काढतो की मोठा पूर १९६१ मध्ये येऊन गेला, म्हणजे आता आपल्या हयातीत काळजी नाही. काही बिल्डरांचे विक्री प्रतिनिधीही हाच अर्थ मोठ्या आत्मविश्वासाने पटवून देतात. प्रत्यक्षात ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार, आणि ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ शंभरात एक, इतकाच आहे. गेल्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आता वीस वर्षांचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेच्या काठावर घर घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहा. कर्ज फिटेपर्यंत तसा पूर निदान एकदा तरी दारात येण्याची शक्यता शंभरात सुमारे ५६ आहे. लाल रेषेच्या काठावरच्या घरासाठी ती सुमारे १८ आहे. हा हिशेब बारावीच्या गणितात बसतो, आणि तो मागील नोंदींवर आधारलेला आहे. पावसाचा स्वभाव बदलत चालला असेल तर शक्यता याहून वाढेल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून निश्चिंत झालेला ग्राहक ‘कर्ज फिटेपर्यंत शंभरात १८’ ऐकून निदान दोन प्रश्न विचारील. घराच्या करारनाम्यात पूररेषा या दुसऱ्या प्रकारे लिहिण्याची सक्ती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगराईच्या काळात हेच उलट्या दिशेने घडते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले आणि पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. हा आजार एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो, त्यामुळे एवढ्या लहान परिसरात इतके रुग्ण ही निःसंशय गंभीर बाब होती, आणि दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे तपासाचा रोख होता. पण त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर काय फिरत होते? चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, रुग्ण असलेल्या इमारतीत जाऊ नका, कामवालीला सुट्टी द्या. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, पाणी चांगले उकळले आणि मांस पूर्ण शिजवले की तो जिवाणू मरतो, आणि हातापायांत अचानक अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्या तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे, या तीन वाक्यांत सामान्य माणसाला हवे ते सगळे येते. ही वाक्ये डॉक्टरांनी सांगितली नाहीत असे नाही. ती सांगितली गेली, छापलीही गेली, पण बहुतेक वेळा आतल्या पानावर. पहिल्या पानावर रोज वाढणारा एकूण आकडा होता. एकूण आकडा कधी कमी होत नाही, हे साधे सत्य वाचकाच्या लक्षात येत नाही आणि साथ ओसरत असतानाही त्याची भीती चढतीच राहते. आज नवे किती, बरे होऊन घरी गेले किती आणि कोणत्या भागातले किती, हे रोज एकाच जागी आणि एकाच पद्धतीने छापले तर निम्मी घबराट तिथेच थांबेल.

आकडा कसा सांगितला याने किती नुकसान होते, याचा एक पुरावा ब्रिटनमधला आहे. १९९५ साली तेथे असा इशारा देण्यात आला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. विधान खरे होते. परंतु तो धोका सात हजार स्त्रियांमागे एकीवरून सात हजारांमागे दोघींवर गेला होता, हे कोणी सांगितले नाही. घाबरून अनेकींनी गोळ्या एकाएकी बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार जादा गर्भपात झाले असा अंदाज आहे. गर्भारपणात आणि गर्भपातात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ‘दुप्पट’ या एका शब्दाने काय केले ते कळते.

आपल्याकडची आठवण काढायची तर २००९ च्या ऑगस्टची काढावी लागेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि दोन दिवसांत शहराचा रंगच पालटला. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर हजारोंच्या रांगा लागल्या. साधी सर्दी झालेली आणि धडधाकट माणसेही तेथे खऱ्या रुग्णांच्या शेजारी तासन्‌तास उभी होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कोणी तपासणी करून घ्यावी आणि कोणी घरीच झोपून राहावे, हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ए, बी, सी असे गट ठरवून सौम्य लक्षणांना तपासणीची गरज नाही हे स्पष्ट केले आणि मग रांगांना काही शिस्त आली. हीच माहिती पहिल्या दिवशी, अपुरी का होईना, मिळाली असती तर बरे झाले असते.

‘अपुरी का होईना’ हे मी जाणीवपूर्वक म्हणते आहे, कारण अधिकाऱ्यांची खरी अडचण तिथेच असते. पूर्ण खात्री होईपर्यंत बोलू नये, बोलल्यास लोक घाबरतील, असा समज आपल्या कार्यालयांत खोलवर रुजलेला आहे. मग एक तर मौन पाळले जाते किंवा ‘घाबरण्याचे काहीही कारण नाही’ असे छापील वाक्य दिले जाते. इशाऱ्यांवर लोक कसे वागतात याचा ज्यांनी अनेक दशके अभ्यास केला आहे, ते सांगतात की इशारा ऐकून सैरावैरा पळणारी माणसे फार थोडी असतात. बहुतेक लोक उलट विश्वासच ठेवत नाहीत. ते शेजाऱ्याला विचारतात, दुसऱ्या वाहिनीवर पाहतात, खिडकीतून डोकावतात, आणि दोन-तीन ठिकाणांहून तेच ऐकू आल्यावर हालचाल करतात. म्हणून निरनिराळ्या यंत्रणांनी एकच गोष्ट एकाच शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगणे, हे तिखट शब्दांत सांगण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली साथींच्या काळातील संवादाची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही विश्वास आणि लवकर जाहीर करणे यांनाच अग्रस्थान आहे.

खोट्या धीराचा दाखला इटलीतील लाक्विला शहरात मिळतो. २००९ मध्ये तेथे अनेक आठवडे भूकंपाचे लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली, आणि लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, त्यामुळे परिस्थिती अनुकूल आहे, असा दिलासा एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर दिला. शास्त्राला तो मान्य नव्हता. धक्का बसला की घराबाहेर रात्र काढण्याची तिथल्या लोकांची जुनी रीत होती. त्या दिलाशानंतर अनेक जण घरातच राहिले. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांसह त्या अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली, दोन वर्षांनी अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी होऊनही टिकली. भूकंपाचे भाकीत कोणालाच करता येत नाही आणि त्यासाठी कोणाला शिक्षा होऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण ‘आम्हाला सांगता येत नाही, तुमची जुनी सवय सोडू नका’ असे म्हणणे तेव्हाही शक्य होते.

पुण्याला तर विश्वास गमावल्यावर काय होते हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कारकिर्दीत सोजिरांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या गेल्या. रुग्ण वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे हे उपाय त्या काळच्या वैद्यकानुसार चुकीचे नव्हते, परंतु ते कोणाला न सांगता, न विचारता, देवघरापर्यंत बूट नेऊन लादले गेले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले, म्हणजे ज्या गोष्टीसाठी सारा खटाटोप होता तीच हातची गेली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरात शिरणारे माणूस आपले आहे की परके, यावर त्याचे म्हणणे ऐकायचे की नाही हे ठरते. आजच्या आशा सेविका, अंगणवाडी सेविका, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि वस्तीतला रिक्षा थांबा यांच्याकडे ते आपलेपण आहे; त्यांना पावसाळ्यापूर्वी नीट माहिती देऊन ठेवणे कोणत्याही अॅपपेक्षा स्वस्त पडेल.

हे सगळे आपल्या देशात जमत नाही, असे कोणी म्हणू नये. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. मे २०१९ मध्ये फनी वादळ आले तेव्हा त्याच राज्याने सुमारे बारा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले, आणि जीवितहानी काही डझनांवर राहिली. निवाऱ्याच्या पक्क्या इमारती होत्या हे खरेच, पण ‘अमुक वेळेपर्यंत अमुक निवाऱ्यात या’ हे गावागावांत भोंग्यावरून, मोबाइलवरून आणि स्वयंसेवकांच्या तोंडून सांगितले गेले म्हणून त्या इमारती भरल्या. विजांच्या धोक्याची स्थानिक सूचना देणारे ‘दामिनी’ हे अॅप तर आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतच तयार झालेले आहे. ज्या शहरात असे तज्ज्ञ आहेत त्या शहरात नदीच्या सूचनेत फक्त एक आकडा आणि ‘सतर्क राहावे’ एवढेच असावे, हे पटत नाही.

म्हणून संबंधित यंत्रणांना विनंती आहे, की विसर्गाच्या प्रत्येक सूचनेत पाणी कोणत्या भागांत येण्याची शक्यता आहे, साधारण किती वाजेपर्यंत, तेथील लोकांनी काय करावे, काय करू नये, कोठे जावे आणि पुढची सूचना किती वाजता मिळेल, हे लिहिले जावे. जे निश्चित ठाऊक नसेल ते ‘अद्याप ठाऊक नाही’ असेच लिहावे. त्याने यंत्रणेची अब्रू जात नाही. अंदाज चुकून पाणी आले नाही, तर दुसऱ्या दिवशी ते का आले नाही हेही दोन ओळींत सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी लोक हलतील.

आपल्याला वेगळी विनंती आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, जाहिरातीची एक जागा सोडून, विसर्गाचे टप्पे आणि त्या त्या टप्प्याला पाण्याखाली जाणारे रस्ते, पूल व वस्त्या यांचा तक्ता आपण जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्याकडून पडताळून घेऊन पानभर छापावा, त्याखाली नियंत्रण कक्षांचे क्रमांक द्यावेत आणि पावसाळाभर विसर्गाच्या बातमीत त्या तक्त्यातील टप्प्याचाच उल्लेख करावा. चुकीची बातमी छापली गेल्यास दुरुस्ती त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत यावी. आमच्या संस्थेपुरते बोलायचे तर तो तक्ता लिफ्टशेजारी लावण्याचा ठराव कार्यकारिणीने आधीच केला आहे, आणि कितव्या टप्प्याला गाड्या काढायच्या हे ठरवणे तक्ता हाती येईपर्यंत बाकी ठेवले आहे.

आपली विश्वासू,
नदीकाठच्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव,
पुणे